उतारशाळेचा रखवालदार

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १०:२५–३७, मार्क २:१–१२, मार्क ५:२५–३४, २ करिंथ ८:१६–२४.

धड्याचा विषय : अनेक हातांनी केलेले एक परोपकाराचे काम, आणि त्यात खेड्यातील लहान मंडळीचा वाटा.

१. दाखल्यातील विसरलेला मनुष्य

दयाळू शोमरोन्याचा दाखला आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ आहे. याजक बाजूने गेला, लेवी बाजूने गेला, शोमरोनी थांबला. येथवर सर्वजण सांगतात. परंतु त्या दाखल्यात आणखी एक मनुष्य आहे, व त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. तो उतारशाळेचा रखवालदार होय.

शोमरोनी हा वाटसरू होता. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत आणले व ती रात्र त्याची शुश्रूषा केली. पण दुसऱ्या दिवशी त्यास पुढे जाणे भाग होते. जखमा तर एका रात्रीत भरून येत नाहीत. तेव्हा त्याने दोन दिनार, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, रखवालदाराच्या हाती दिली, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना भरून देण्याचे वचन दिले. एकाने उचलून आणले, दुसऱ्याने सांभाळले. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने जागा व वेळ दिला. आणि दोघांमध्ये हिशेबाचा करार ठरला. दया ही मनात उत्पन्न होते खरी, पण ती शेवटास न्यावयाची तर भागीदार लागतो, हे ह्या दाखल्यात प्रभूने किती साध्या रीतीने दाखविले आहे!

आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका भागीदारीची हकिकत ठेवीत आहो. ती दूर देशची नाही. ती परंडा, भूम व बार्शी ह्या तीन तालुक्यांतील आहे.

२. परंड्याच्या शिवारातील एक अदृश्य शत्रू

परंडा हे नाव काढले की लोकांस तेथील भुईकोट किल्ला आठवतो. अहमदनगर पडल्यावर काही काळ निजामशाहीचे बस्तान तेथे होते, आणि विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ पूर्वी ह्याच किल्ल्यात होती. त्या तटबंदीने पुष्कळ शत्रूंस अडविले असेल. परंतु ज्या शत्रूविषयी आम्ही लिहीत आहो तो तट चढून येत नाही व नौबत वाजवीत येत नाही. तो स्त्रीच्या शरीरात दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे निमूटपणे वाढतो, आणि तो दिसू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्यास गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग म्हणतात.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या देशातील खेड्यांत हा रोग किती बायकांस होतो, किती मरतात, हे नीट कोणासच ठाऊक नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ साली राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, पण ती नोंदणी प्रथम मोठ्या शहरांतच होती. शहरात ते काम त्या मानाने सोपे असते. रोगी इस्पितळात येतो, त्याचे नाव वहीत चढते, आणि कारकून त्या वह्या पाहून नोंद करितो. खेड्यातील बाई मात्र इस्पितळात जातच नाही. ती अंगावर काढते. घरच्या औषधांनी व नवसांनी दिवस ढकलते. आणि एके दिवशी घरातच प्राण सोडते. तिचे दुखणे कोणत्याही वहीत येत नाही. आणि जे वहीत नाही त्यासाठी सरकार पैसा राखून ठेवीत नाही, व डॉक्टरही पाठवीत नाही.

ह्या अडचणीवर १९८७ साली बार्शी येथे एक उपाय सुरू झाला. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, आणि परंडा व भूम हे तालुके त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यात. पण रोग जिल्ह्याची हद्द ओळखीत नाही. आणि परंड्याच्या लोकांस बाजारासाठी व दवाखान्यासाठी बार्शीच जवळ. म्हणून तिन्ही तालुक्यांची मिळून एक कर्करोग नोंदणी स्थापन झाली. खेड्यापाड्यांतील सर्व वस्तीची अशी नोंद ठेवणारी ही भारतातील पहिली संस्था होय.

३. कोणी काय आणले

हे काम एकट्याचे नव्हते, हेच ध्यानात घेण्यासारखे आहे. भागीदार कोण होते ते एकेक करून पाहू.

पहिला भागीदार बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय. हे एका स्थानिक धर्मादाय संस्थेने चालविलेले इस्पितळ. डॉ. नेने हे तेथील ह्या कामाचे पुढारी होते. इस्पितळाने खाटा, डॉक्टर आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास ह्या कामी आणला.

दुसरा भागीदार मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. त्याचा उगमही परोपकारातच आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, आणि त्यांच्या पतीच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली ते इस्पितळ उभे राहिले. पुढे ते सरकारच्या हाती आले. त्याने विद्या व शिक्षण पुरविले.

तिसरा भागीदार भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिने नोंदणीस राष्ट्रीय कार्यक्रमात जागा दिली, व नोंद कोणत्या शिस्तीने ठेवावी तो नियम घालून दिला.

चौथा भागीदार गाव. आणि ह्याच्यावाचून बाकीचे तिघे पंगू होते. नोंदणीचे सेवक वहीजवळ बसून राहिले नाहीत. ते गावोगाव ठरलेल्या वेळी फिरत. जाणत्या मंडळींस भेटत. कोणास गाठ आहे, कोणास अंगावरून जात आहे, कोणाच्या तोंडातील जखम भरत नाही, ह्याची विचारपूस करीत. रोगाची लक्षणे समजावून सांगत. आणि संशय असेल त्यास बार्शीस तपासणीसाठी येण्यास विनवीत. म्हणजे नाव लिहून घेणाराच उपदेशही करी आणि वाटही दाखवी.

ह्याचे फळ काय झाले? काही वर्षांनी वह्या उलगडून पाहिल्या तेव्हा आढळून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या बायका येत होत्या त्यांपैकी रोग आरंभीच्या पायरीवर असताना येणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते. हा निष्कर्ष डॉ. जयंत, डॉ. नेने व त्यांच्या सोबत्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. येथे कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. कोणीतरी वारंवार दाराशी येऊन प्रेमाने विचारले, एवढेच नवे होते. वाचकांनी ही गोष्ट मनात नीट साठवून ठेवावी, कारण आमच्या मंडळ्यांचा वाटा नेमका ह्याच ठिकाणी आहे.

४. एक लाख एकतीस हजार बायका

ह्या विश्वासाच्या पायावर पुढे एक फार मोठे काम उभे राहिले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय, आणि फ्रान्स देशातील लिओं शहरी असलेली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक अभ्यास हाती घेतला. खर्चाचा भार अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाने उचलला. १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांची त्यात नोंद झाली. गावांचे ५२ गट करून चार भाग पाडले. पहिल्या भागात ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाने पाहणे. तिसऱ्यात सिरक्यासारखे पातळ आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे. आणि चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था, म्हणजे तपासणीची मोहीम नाही.

विषाणू म्हणजे डोळ्यांस न दिसणारे रोगबीज. ह्या कर्करोगाच्या मुळाशी बहुतेक नेहमी हेच बीज असते. पुष्कळांच्या शरीरातून ते आपोआप नाहीसे होते. थोड्या जणींच्या ठायी ते टिकून राहते, व पुष्कळ वर्षांनी तेथे कर्करोग उद्भवतो. मधला हा लांब काळ म्हणजेच देवाने दिलेली सवड होय. त्या सवडीत बिघडलेला भाग शोधून काढला तर तो गोठवून किंवा लहानशा शस्त्रक्रियेने दूर करिता येतो, आणि कर्करोग होतच नाही.

आठ वर्षे पाठपुरावा केल्यावर २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी ज्या भागात झाली तेथे ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी ह्या कर्करोगाने मरण पावल्या. जेथे तपासणी नव्हती तेथे ३१,४८८ बायकांपैकी ६४. वाढलेल्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या भागात ३९ जणींस, तर शेवटच्या भागात ८२ जणींस आढळला. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन रीतींनी तितका भरवशाचा लाभ ह्या अभ्यासात दिसला नाही. आमच्या ज्वारीच्या शिवारातील बायकांनी दिलेली ही साक्ष जगभर ऐकली गेली, आणि आज विषाणूची तपासणी हीच पहिली पसंती मानली जाते.

परंतु त्या ६४ बायकांपाशी आम्हांस क्षणभर थांबले पाहिजे. तपासणी नसलेला एक भाग मुद्दाम ठेवणे योग्य होते काय, ह्यावर पुढे विद्वानांत कडक वाद झाला. एक पक्ष म्हणतो की, तुलना केल्यावाचून खरे समजत नाही, आणि त्या बायकांस एरवीही तपासणी मिळत नव्हती. दुसरा पक्ष म्हणतो की, तपासणीने जीव वाचतात हे आधीच ठाऊक असता ती न देणे बरे नव्हे. हा वाद येथे निकालात काढणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण एक गोष्ट निश्चित आहे. जेथे एका बाजूस धन व विद्या आहे आणि दुसऱ्या बाजूस केवळ गरज आहे, तेथे गरिबास सर्व काही त्याच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे, आणि नाही म्हणण्याची मोकळीक त्यास असली पाहिजे. त्याच्यावाचून ती भागीदारी नव्हे. प्रभूने बेथेसदा तळ्यापाशी अडतीस वर्षांच्या आजाऱ्यासही, तुला बरे होण्याची इच्छा आहे काय, असे आधी विचारिले. आपण तरी न विचारता कसे पुढे जावे?

५. लाजेचे ओझे

मार्काच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक बाई आहे. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सर्व खर्चिले, आणि दुखणे वाढतच गेले. ती गर्दीत मागून आली, कारण पुढून येण्याचे तिला धैर्य नव्हते. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध गणली जाई. आमच्या घरांतून अशा बायका आज नाहीत काय? सासूस सांगावे तर लाज, नवऱ्यास सांगावे तर भीती, आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असला तर मग बोलणेच नको. प्रभूने त्या बाईस धिक्कारिले नाही. त्याने तिला मुलगी म्हणून हाक मारिली.

उपदेशक बंधूंनी व मंडळीतील वडील भगिनींनी पुढील गोष्टी स्पष्ट शब्दांत शिकवाव्या.

पहिली : पाळी कायमची गेल्यावर पुनः रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. असे प्रत्येक दुखणे कर्करोग असतेच असे नाही, पण दाखविल्यावाचून ते कळणार नाही.

दुसरी : आरंभी काहीच लक्षण नसते. म्हणून बरे वाटत असतानाच तपासणी करावयाची. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. ती कोठे व कोणत्या वारी होते हे गावच्या आशाताईस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे.

तिसरी : हा रोग शाप नव्हे, करणी नव्हे, आणि कोणा बाईच्या चारित्र्याचा पुरावाही नव्हे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरे. पण तो इतका सर्वत्र आहे की, विवाहित स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांस तो कधी ना कधी होऊन जातो, आणि पुष्कळदा नवराच तो न कळत घरी आणितो. म्हणून ज्या बाईस हा रोग निघाला तिच्याकडे बोट दाखविणारा मनुष्य अज्ञानी तर आहेच, शिवाय तो तिच्या मृत्यूस हातभारही लावतो. कारण त्या एका बोटाच्या भीतीने गावातील दहाजणी तपासणीस जाणार नाहीत.

चौथी : मुलींसाठी ह्या विषाणूची लस आहे. ती ९ ते १४ वर्षांच्या वयात दिल्यास उत्तम. पुण्याच्या सीरम संस्थेने बनविलेली भारतीय लस २०२२ साली जाहीर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सर्व देशांपुढे असे ध्येय ठेविले आहे की, २०३० पर्यंत शंभरांतील नव्वद मुलींस लस मिळावी, सत्तर स्त्रियांची तपासणी व्हावी, आणि रोग आढळलेल्या नव्वद स्त्रियांवर उपचार व्हावे. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे योग्य वयात तपासणी करावयाचीच आहे.

६. जामखेडचा दाखला

परंड्याच्या शेजारचा जामखेड तालुका आमच्या वाचकांस अपरिचित नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोर येथे वैद्यकीय शिक्षण घेतले, वडाळा येथील मिशन इस्पितळात काही वर्षे सेवा केली, आणि १९७० साली जामखेडास सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. त्यांच्या ध्यानात आले की, इस्पितळात कितीही रोगी बरे केले तरी तेच लोक त्याच रोगाने पुनः येतात, कारण रोगाचे मूळ गावात असते. मग त्यांनी गावांनीच निवडलेल्या बायकांस शिकविले. त्यांत पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नसे त्यांच्या हाती गावाने आपली लेकरे सोपविली. शेतकऱ्यांची व महिलांची मंडळे उभी राहिली. पाणी, झाडे, शौच, बाळंतपण ही सर्व कामे एका माळेत गुंफली गेली. १९७९ साली उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचे खरे पारितोषिक म्हणजे, खेड्यातील साधी बाई ही केवळ मदत घेणारी नसून मदत करणारी भागीदार आहे, हे जगास पटले.

७. वीस घरांची मंडळी काय देऊ शकते?

येथे कोणी म्हणेल, आमची मंडळी वीस घरांची. पाळकाचा पगारही जेमतेम निघतो. आम्ही मोठ्या संस्थांचे भागीदार कसे होणार? त्यास कफर्णहूमच्या चौघांकडे पाहावे. त्यांच्याजवळ औषध नव्हते, विद्या नव्हती, पैसा असल्याचेही लिहिलेले नाही. त्यांनी बाज उचलली, आणि वाट बंद दिसली तेव्हा छप्पर उकलले. बरे करणारा दुसरा होता. पोहोचविणारे ते होते.

तपासणीच्या दिवशी बाई का जात नाही, ह्याचा विचार करा. घरी शेळी आहे, तान्हे मूल आहे, त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत नाही, जीपचे भाडे नाही. ह्यांपैकी एकही गोष्ट मुंबईचे इस्पितळ पुरवू शकत नाही, आणि प्रत्येक गोष्ट शेजारीण पुरवू शकते. एकीने मुले सांभाळावी, एकीने सोबत जावे, तरुणांनी भाड्याची वर्गणी करावी, मंडळीने आरोग्यसेविकेस बसावयास आपली खोली द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तपासणीत काही दोष निघाल्यास पुढील तारखेची आठवण करून त्या बाईस पुनः नेऊन पोहोचवावे. तपासणी झाली व उपचार राहिला, तर तो प्रवास अर्ध्या वाटेवरच संपला. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिचे कागद जमविण्यास लिहितावाचता येणाऱ्या उपदेशकाने मदत केली, तर ती मोठी सेवा होय.

परंतु भागीदारीस शिस्तही पाहिजे. पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली, अशासाठी की कोणासही दोष लावण्यास जागा राहू नये. म्हणून आम्ही हे नियम सुचवितो.

(१) पैसा एकाच्या हाती नसावा. दोघांनी मोजावा, तिसऱ्याने लिहावा, व महिन्याचा हिशेब उपासनेनंतर सर्वांस वाचून दाखवावा.

(२) जे काम आशाताई, अंगणवाडी किंवा दुसरी संस्था करीत आहे ते आपण निराळे मांडू नये; त्यांसच हातभार लावावा.

(३) मदत ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सर्वांस सारखीच करावी, आणि तिच्या मोबदल्यात धर्माविषयी कसलीही अट घालू नये. शोमरोन्याने जखमी मनुष्याची जात विचारिली नाही, व तो बरा झाल्यावर आपल्या डोंगरावर उपासनेस येईल काय, हेही विचारिले नाही.

(४) कोणत्या बाईस काय निघाले हे तिच्या परवानगीवाचून कोठेही, प्रार्थनासभेतसुद्धा, उघड करू नये.

(५) बाहेरची संस्था आली म्हणजे तिला तीन प्रश्न विचारावे. तुम्ही किती दिवस राहणार? दोष निघाला तर उपचार कोण करील? आणि तुम्ही गेल्यावर काय?

८. उपसंहार

बार्शीची ती नोंदवही एका अर्थी दयेचीच वही आहे. जिचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते अशा परंड्याच्या एखाद्या खेड्यातील बाईचे नाव तीत प्रथम लिहिले गेले, आणि तिच्या दुःखास मोजमाप आले. आपला देव हा डोक्यावरील केसही मोजणारा आहे. ज्यांस तो मोजतो त्यांस आपण गाळू नये. मुंबईने विद्या द्यावी, बार्शीने खाट द्यावी, सरकारने द्रव्य द्यावे. आणि मंडळीने तिचा हात धरून तिला दारापर्यंत न्यावे व पुनः घरी आणावे. एवढे आपल्या हाती आहे, आणि एवढ्याविषयी आपणांस विचारले जाईल.

विचारावयाचे प्रश्न

१. शोमरोन्याने कोणते काम केले व रखवालदाराने कोणते? दोहोंपैकी एक नसता तर काय झाले असते?

२. बार्शीच्या नोंदणीच्या सेवकांनी वहीजवळ न बसता गावोगाव फिरणे का पसंत केले? त्याचे फळ कोणते?

३. आपल्या गावातील ३० वर्षांवरील किती भगिनींची तपासणी झाली आहे? राहिलेल्यांस कोणती अडचण आहे?

४. रक्तस्रावाच्या बाईशी प्रभू जसा वागला तसे आपली मंडळी आजारी बाईशी वागते काय?

५. पुढील महिन्यात आपली मंडळी कोणती एक गोष्ट करील? ती कोण करील, व तिचा हिशेब कोण ठेवील?

प्रार्थनेचा विषय : गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका व आशाताई, बार्शी, जामखेड व मुंबई येथील इस्पितळांत सेवा करणारे, आणि आपले दुखणे अजून कोणासही न सांगितलेल्या आमच्या भगिनी.